वाफ आणि भोंगा

६ नोव्हेंबर १९३२, रविवार

ही डायरी तेलकंपनीच्या एजंटानं जानेवारीत दिली. पुठ्ठा इतका सुरेख की लिहायला हात होईना, म्हणून आजवर कोरीच राहिली. आज उघडली, कारण आज जे कळलं ते बाजारात कुणाला सांगायला जावं तर लोक म्हणतील, शिवशरण मिस्त्रीच्या डोक्यात इंजिनाचा धूर गेला.

दाक्षायणीनं, म्हणजे माझ्या मुलीनं, शाळेतून एक पातळ पुस्तक आणलंय. पुण्याकडच्या कुणा प्राध्यापकानं लिहिलेलं. विषय काय, तर काळ. मी म्हटलं, वेळेवर कसलं पुस्तक लिहायचं? घड्याळ बघावं आणि कामाला लागावं. ती म्हणाली, "अप्पा, आधी ऐका तर."

मला वाचता येतं. मैंदर्गीहून पोरवयात इथं सोलापुरात येऊन कापडगिरणीत यंत्रांना तेल घालायचं काम धरलं, तेव्हा रात्रीच्या शाळेत शिकलो. पण जोडाक्षरात पाय अडकतो. आणि खरं सांगायचं तर माझी सगळी विद्या कानावाटे आलेली. इंजिन सुरू असलं की मी लांब उभा राहतो, डोळे मिटतो, आणि त्याच्या पोटात काय दुखतंय ते सांगतो. पिठाच्या गिरण्यांवाले पार दुधनीपासून मला बोलावतात ते या कानांसाठी. गिरणीतल्या पगारी माणसाचं स्वतःचं वर्कशॉप झालं तेही यांच्याच जिवावर. तेव्हा ती वाचते, मी ऐकतो.

प्राध्यापक म्हणतात, उजेडालाही प्रवास करायला वेळ लागतो. आपण तारा बघतो तो आत्ताचा नव्हेच. संध्याकाळ सरल्यावर माळवदावर गेलो तर पूर्वेला कृत्तिका वर आलेल्या. तो उजेड तिथून निघाला तेव्हा म्हणे आपल्या किल्ल्यावर बादशाही नांदत होती. इतकी वर्षं तो चालतोय, वाटेत कुठं थांबला नाही, आणि येऊन पडला कुठं, तर माझ्यासारख्या तेलकट माणसाच्या डोळ्यात. मी पागोटं काढून हातात घेतलं. का घेतलं ते माहीत नाही.

मग दाक्षीनं मला माझ्याच ओळखीची गोष्ट नव्यानं दाखवली. आमच्या माळवदावरून गिरणीची चिमणी दिसते. सहाचा भोंगा होतो तेव्हा आधी पांढरी वाफ उडताना दिसते, आणि मग आवाज येतो. हे मी जन्मभर पाहिलंय आणि कधी पाहिलं नाही. भोंगा झाला असं आपण म्हणतो तेव्हा तो होऊन गेलेला असतो. आपल्याला जे ऐकू येतं ते सगळं मागचं.

आम्ही खेळ मांडला. वाफ दिसली की थांबायचं, आवाज आला की बोट वर करायचं. दाक्षीचं बोट माझ्याआधी वर गेलं. मी म्हटलं, अंदाजानं करू नकोस, येऊ दे आधी. पोरगी उतावळी आहे.

९ नोव्हेंबर, बुधवार

दुसरं प्रकरण. आज डोकं गरगरलं. म्हणे जो पळत असतो त्याचं घड्याळ उभ्या माणसाच्या घड्याळापेक्षा सावकाश चालतं. घड्याळ बिघडलेलं नसतं. त्याचा काळच सावकाश जातो. दोन जुळ्या भावांतला एक उजेडाच्या वेगाच्या जवळपास फिरून आला, तर घरी राहिलेला म्हातारा आणि आलेला जवान. आणि सगळ्या जगाचं मिळून एक 'आत्ता' असं काही नसतंच. ज्याचं त्याचं आत्ता ज्याच्या त्याच्याजवळ.

मी हे हुसेनसाबला सांगितलं. हुसेनसाब टांगेवाला. आम्ही दोघं एकाच वर्षी या शहरात आलो, एकाच खोलीत भाकरी भाजली. तो लगाम हातात धरून म्हणाला, "म्हणून व्हय माझी दाढी काळी? जन्मभर टांग्यावर पळतोय की. आणि तू एका जागी हुबा राहून इंजनं ऐकतोस, तर बघ डोकं."

मी म्हटलं, मग घोडी तुझ्यापेक्षा तरुण राहायला हवी. तो म्हणाला, "आमी दोघं बरोबरच पळतो मिस्त्री, ती काय मला सोडून पुढं जाते?"

पण त्याच्या मनात दुसरंच होतं. मोटारी वाढल्या, टांग्याचे दिवस भरत आले. दुधनीत बसवराज म्हणून एक पिठाची गिरणी चालवतो, त्याला जुनं ऑइल इंजिन काढायचंय. हुसेनसाबच्या मनात ते आणून इथं मोहल्ल्यात गिरणी टाकायची. त्यासाठी टांगा आणि घोडी दोन्ही जाणार. "तू ऐकून हां म्हण, मग मी डोळे झाकून घेतो," म्हणाला. मी म्हटलं, तू डोळे झाक, मी पण झाकतो, कान उघडे ठेवले म्हणजे झालं. तो हसला नाही.

१३ नोव्हेंबर, रविवार

गेले काही दिवस भोंगा मऊ वाजतो. हुसेनसाबला विचारलं, गिरणीत काही बिघाड आहे का. तो क्षणभर माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, कोळसा महाग झालाय, मालक वाफ वाचवतात. असेल. हल्ली मालक लोक काय वाचवतील याचा नेम नाही.

आजचं प्रकरण तर सगळ्यावर कडी. दुर्बिणीतून पाहणाऱ्यांना आढळलंय की लांबलांबचे तारकांचे पुंजके एकमेकांपासून दूर दूर पळतायत. विश्व फुगतंय. मी विचारलं, मग सोलापूर आणि दुधनीही लांब होत असतील? दाक्षी म्हणाली की नाही, जवळच्या गोष्टींना ते लागू नाही. प्राध्यापकांनी तसं लिहिलंय खरं. पण मी माळवदावर बसलो होतो, आणि खरं लिहितो, चिमणी मला पूर्वीपेक्षा लांब वाटली. जागेवरच होती. तरी लांब.

दाक्षीला मी रोज सांगतो की तोंडातल्या तोंडात वाचू नकोस. समोरच्या केराबाई मात्र म्हणतात, तुमच्या पोरीचं वाचन आमाला चुलीपाशी बसून समजतंय. शेजाऱ्यांचं बोलणं नेहमीच वाढवून.

फुलाबाई आताशा काही बोलायच्या आधी माझ्या खांद्याला हात लावते. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि हे लाड आत्ता सुचतायत. मी काही म्हटलं नाही. बरं वाटतं.

१७ नोव्हेंबर, गुरुवार

आज मी माझ्या हातानं शोध लावला. आधी तो लिहितो, इंजिनाचं नंतर.

दुधनीला हुसेनसाबबरोबर सकाळच्या गाडीनं निघालो. गाडीनं वेग घेतला तसं मला प्राध्यापकांचं म्हणणं आठवलं. खिशातलं घड्याळ काढून कानाला लावलं. टिकटिक नाही. बंद पडलं म्हणावं तर सेकंदाचा काटा फिरतोय. काटा चाललाय आणि आवाज नाही. माझ्या अंगावर काटा आला. पळत्या माणसाचा काळ बदलतो तो असा. पुस्तकात लिहिलंय की आगगाडीच्या वेगानं पडणारा फरक कुणालाच कळण्याजोगा नसतो. असेल, पण प्राध्यापकांनी घड्याळ कानाशी धरून ही गाडी केली नसावी. हुसेनसाबला दाखवलं. त्यानं घड्याळ आपल्या कानाला लावलं, मला परत दिलं, आणि खिडकीबाहेर बघायला लागला. त्याला या गोष्टीत रस नाही.

दुधनीच्या स्टेशनावरच्या घड्याळाशी मात्र माझे काटे बरोबर जुळले. हे कसं, ते कळलं नाही. लिहून ठेवतो.

आता इंजिन. बसवराज माणूस गोड. कानडीत माझी चौकशी केली, चहा दिला, इंजिन आधीच सुरू करून ठेवलेलं. हुसेनसाबनं मला वाटेत दोनदा आणि दारात एकदा विचारलं, "काठी आणलीस काय?" मला हसू आलं. ती काठी म्हणजे आमच्या उस्तादांनी दिलेली शिसवाची. गिरणीत मागांचा एवढा कल्लोळ असतो की उघड्या कानांना तिथं काही काम नाही. तेव्हा पोरं काठीचं एक टोक बेअरिंगवर टेकवून दुसरं दातांत धरतात. आवाज हाडातून डोक्यात चढतो. पण ते शिकाऊंचं काम. ती काठी माझ्या वर्कशॉपच्या आढ्याला लटकून आहे. मी म्हटलं, लोक मला काठीसाठी बोलावतात की कानांसाठी?

उभा राहिलो, डोळे मिटले. इतकं मऊ चालणारं इंजिन मी आजवर ऐकलं नव्हतं. लोण्यातून सुरी फिरावी तसं. हां म्हटलं.

हुसेनसाबनं विसार दिला. परतताना तो फार बोलला नाही. एवढी वर्षं सांभाळलेली घोडी जाणार, त्याचं दुःख असणार.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार

घड्याळ घरीही मुकंच. गाडी कधीच थांबली, मीही थांबलो, मग त्याचा काळ अजून का थांबलाय? नव्या पेठेतल्या घड्याळजीकडे नेलं. त्यानं भिंग लावून आत बघितलं, कानाला लावलं, आणि म्हणाला की उत्तम चाललंय. मी म्हटलं, आवाज? त्यानं पुन्हा कानाला लावलं. मग पैसे न घेता परत दिलं, आणि मला दाराच्या पायरीपर्यंत हाताला धरून सोडलं. जसा मी कुणी आजारी आहे.

रागच आला. त्याला काळाचं काय कळतं? त्याला चाकं कळतात.

२३ नोव्हेंबर, बुधवार

जेऊरचा एक माणूस घोडी बघून गेला. रविवारी पैसे देऊन न्यायची म्हणतो. हुसेनसाबची बायको साबेरा रडून बसलीय असं फुलाबाईनं सांगितलं. ती म्हणाली, "तुमी एकदा त्या भाईला न्हाय म्हणा की." मी विचारलं, का नाही म्हणू? इंजिन चांगलं आहे. ती भाकरी थापायला लागली. बायकांना घोडं नेहमीच इंजिनापेक्षा बरं वाटतं.

तरी एक खटकतंय. कितीही चांगलं इंजिन असलं तरी ते काहीतरी बोलतं. तेल हवंय म्हणतं, पट्टा सैल आहे म्हणतं. हे काहीच बोललं नाही. इतकं गप्प इंजिन असतं का?

२६ नोव्हेंबर, शनिवार

हे नीट लिहायला पाहिजे.

संध्याकाळी माळवदावर एकटाच बसून पुस्तक वाचत होतो, जोडाक्षरं फोडत. सहा वाजत आले म्हणून घड्याळ काढून मांडीवर ठेवलेलं. वाफ उडाली. आवाजाची वाट बघितली. वाफ विरून गेली तरी आवाज आला नाही. कोळसा, दुसरं काय.

खाली उतरायला निघालो. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात पुस्तक, जिना अरुंद. घड्याळ ठेवायला हात उरला नाही, म्हणून दातांत धरलं.

टिक टिक टिक टिक.

डोक्याच्या आत. कवटीच्या मधोमध. इतकं मोठं की मी जिन्यात भिंतीला टेकलो. तांब्यातलं पाणी पायांवर सांडलं तेही नंतर कळलं. मला पहिल्यांदा काय वाटलं ते खरं लिहितो: वाटलं की काळ बाहेर कुठं नाहीच, तो आपल्या हाडात आहे, आणि मला तो आज सापडला. डोळ्यात पाणी आलं. मी लहान पोरासारखा ते ऐकत उभा राहिलो, किती वेळ कोण जाणे.

मग घड्याळ दातांतून काढून कानाला लावलं. काही नाही. दुसऱ्या कानाला लावलं. काही नाही. पुन्हा दातांत. टिक टिक. आणि उस्तादांची काठी आठवली.

घड्याळ कधी थांबलंच नव्हतं. गाडीतही नाही, घरीही नाही. भोंगाही मऊ झाला नाही, आणि चिमणी जिथं होती तिथंच आहे. थांबलो मी होतो.

एवढ्या वर्षांचा मागांचा कल्लोळ, त्यावर इंजिनं. आम्ही तरुण होतो तेव्हा गिरणीतल्या म्हाताऱ्या कामगारांना बहिरोबा म्हणून चिडवायचो. आता ते सगळं एका ओळीत उभं राहिलं. दाक्षीचं आधी वर गेलेलं बोट. केराबाईंचं बोलणं. घड्याळजीनं धरलेला हात. फुलाबाईचा खांद्यावरचा हात. म्हणजे तो लाड नव्हता. किंवा होता.

आणि त्याच्या मागोमाग दुसरं उभं राहिलं. ते लोण्यासारखं इंजिन. उद्या रविवार.

२७ नोव्हेंबर, रविवार

फटफटायच्या आत हुसेनसाबच्या दारात. आढ्याची काठी काढून बरोबर घेतली होती. तो घोडीला खरारा करत होता. त्यानं आधी काठी बघितली, मग माझं तोंड. मी म्हटलं, पैसे घेऊ नकोस, घोडी देऊ नकोस, आधी दुधनीला चल. का, म्हणून त्यानं विचारलं नाही. जेऊरवाल्याला थांबवायला साबेराला सांगितलं आणि निघाला.

गिरणीत गर्दी होती. रविवारची दळणं, बायका पोती घेऊन बसलेल्या, आणि मला ओळखणारी माणसं. लांबून डोळे मिटून ऐकणारा मिस्त्री आला म्हणून जागा करून दिली. मी पुढं गेलो, उकिडवा बसलो, काठीचं टोक मोठ्या बेअरिंगवर टेकवलं आणि दुसरं दातांत धरलं. कुणीतरी हसलं असणार. मला ऐकू आलं नाही, आणि त्या घटकेला ते बरंच झालं.

कारण दुसरंच ऐकू येत होतं. खाली खोल, कांबळ्यात गुंडाळून हातोडी मारावी तसा ठोका. धप्. धप्. प्रत्येक फेऱ्याला. कान धड असते तर मला पायरीवरच कळला असता. मी उठलो आणि बसवराजला कानडीत म्हटलं, यातलं तेल काढ आणि साधं घाल. त्याचा गोडवा उतरला. पण इतक्या लोकांपुढं नाही म्हणता येईना. ठोका दाबायला त्यानं काकवीसारखं दाट तेल भरलं होतं. पातळ तेल घालून इंजिन फिरवलं, आणि मला सोडून तिथल्या सगळ्यांना तो ठोका उघड्या कानांनी ऐकू गेला. दळणाच्या बायका मागं सरकल्या, त्यावरून मला समजलं. असं बेअरिंग फार तर उन्हाळ्यापर्यंत टिकलं असतं, आणि मग फुटताना शेजारी कुणाला उभं राहू दिलं नसतं.

बसवराजनं विसार परत केला. मी सगळ्यांदेखत म्हटलं, मागच्या खेपेला मी हां म्हटलं होतं, माझे कान गेलेत, आता हीच काठी माझा कान. कुणी काही बोललं नाही. निदान मला तसं दिसलं.

परतीच्या गाडीत हुसेनसाब माझ्यासमोर बसला, तोंड माझ्याकडे करून, प्रत्येक शब्द सुटा करून बोलला. तेव्हा ध्यानात आलं की तो कितीतरी दिवसांपासून असाच बसतोय, असाच बोलतोय. त्याला आखाडापासून ठाऊक होतं. मी तिडकीनं विचारलं की मग माझ्या शब्दावर घोडी का विकायला निघालास? दुसरा मिस्त्री न्यायचास.

तो म्हणाला, "दुसरा नेला असता, तर हुसेनसाबनंच शिवशरण मिस्त्रीला टाकला, असं सांजच्याला सगळ्या शहरात झालं असतं. घोडी काय, दुसरी मिळती. तुझं नाव मी कुठनं आणू?"

मी काठी गुडघ्यांवर घेऊन बसलो होतो. बाहेर ज्वारीची शेतं मागं पळत होती. प्राध्यापक म्हणतात की लांबच्या ताऱ्याचा उजेड शेकडो वर्षं वाटेत असतो आणि आपल्याला पत्ता नसतो. पण हा तर समोरच्या बाकावर बसलेला होता.

२९ नोव्हेंबर, मंगळवार

वर्कशॉपच्या दारात काठी टांगली, येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी. एक गिऱ्हाईक परत फिरलं. दोन आत आले.

४ डिसेंबर, रविवार

घरात आता लपवाछपवी संपली. फुलाबाई म्हणाली की आमी समदी तुमच्यापायी मुकी झालो हुतो, तुमी विचारलंच न्हाय म्हणून. हे तिनं माझ्या खांद्याला हात लावून सांगितलं. कान गेल्यावर कळलं की ही बाई इतकं बोलते.

हुसेनसाबची घोडी तबेल्यात आहे. गिरणी टाकायचा विचार त्यानं सोडलेला नाही. आता आम्ही दोघं मिळून इंजिनं बघतो. मी काठी लावतो, तो मागं उभा राहून विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. त्यातनंही बरंच कळतं म्हणतो.

पुस्तकाचं शेवटचं प्रकरण राहिलं होतं. दाक्षी म्हणाली की तुम्ही डोळ्यांनी वाचा, मी शेजारी बसते. मी म्हटलं, नाही, हे पुस्तक मी ऐकायला घेतलंय. माळवदावर बसलो. मी काठीचं टोक दातांत धरलं. दुसरं तिनं आपल्या गळ्याखालच्या हाडाला टेकवलं आणि वाचायला लागली.

आवाज आला. आधी नुसता गुणगुणाट, भोपळ्यात भुंगा असावा तसा. मग हळूहळू त्यात शब्द उभे राहिले. किती दिवसांनी माझ्या मुलीचा आवाज. तो मला आठवतो त्यापेक्षा खोल होता, जणू ती मोठी झाल्यावरचा. तो तसाच आहे की शिसवानं तसा केला, कोण सांगणार? प्राध्यापकांनी शेवटी कबूल केलंय की काळ मोजता येतो, तो वाकतो, सावकाश होतो, हे सगळं आम्हाला कळलं; पण तो म्हणजे काय, ते आम्हाला ठाऊक नाही. एवढा शिकलेला माणूस. मला त्याला नमस्कार करावासा वाटला.

सहा वाजले. दाक्षीनं पुस्तक मिटलं आणि चिमणीकडे बोट दाखवलं. मी काठी खाली ठेवली.

वाफ उडाली. पांढरी, सरळ वर. मी तिच्या हाताकडे बघत राहिलो. हात मांडीवर होता. वाफ पसरायला लागली, हात अजून मांडीवरच. तिनं डोळे मिटले होते, मी मिटायचो तसे. या वेळी मी तिला उतावळी म्हटलं नाही. भोंगा होऊन गेला होता आणि आला नव्हता; छपरांवरून, तळ्यावरून, बाजारावरून चालत होता, आणि आम्ही दोघं त्याची वाट बघत बसलो होतो.

मग तिनं बोट वर केलं.